पोटोबाचं माप

‘आधी पोटोबा, मग विठोबा’ ही म्हण घराघरांत आहे आणि बहुतेक वेळा ती अर्धीच वापरली जाते. मुलीने चांगली नोकरी सोडून शिकवायला जायचं म्हटलं, मुलाने इंजिनिअरिंगनंतर फोटोग्राफीचं नाव काढलं, की घरातलं वडीलधारं माणूस म्हणीचा पहिला भाग ऐकवतं आणि विषय तिथेच मिटतो. पण म्हणीत ‘मग’ आहे. पोटोबा झाल्यावर विठोबाकडे वळायचंच, हे तिने धरूनच ठेवलंय. अवघड प्रश्न असा, की पोटोबा झाला हे ओळखायचं कशावरून? जेवताना पोट स्वतःच सांगतं. पगाराच्या बाबतीत असं सांगणारं कुणी नसतं. चाळीस हजार मिळत असताना साठ पुरेसे वाटतात, साठ मिळू लागले की नव्वद. त्यामुळे ‘मग’ येतच नाही आणि पंचेचाळिशीला माणूस म्हणतो, आता काय बदलायचं.

म्हणून काम निवडताना किंवा बदलताना मनाला कौल लावण्याआधी पोटोबाचं माप घ्यावं, तेही रुपयांत, असं मला ठामपणे वाटतं. माप घेतलेलं नसलं की पैशाची भीती मनाच्याच आवाजात बोलायला लागते, आणि मग खरं मन काय म्हणतंय ते ऐकूच येत नाही.

‘जॉब सॅटिस्फॅक्शन’ला कागदोपत्री ‘कार्यसमाधान’ असा शब्द आहे, पण तो बोलण्यात कुणी वापरत नाही. बोलताना आपण विचारतो, ‘रमलास का तिथे?’ वसतिगृहात गेलेल्या पोराला, बदली झालेल्या मास्तरांना, नव्या नोकरीत गेलेल्या भाचीला हाच प्रश्न. त्याच्या जोडीला आणखी दोन प्रश्न असतात: ‘परवडतं का?’ आणि ‘झेपतं का?’ ही तीन क्रियापदं मला फार मोलाची वाटतात, कारण ती एकमेकांत मिसळत नाहीत. न परवडणारं काम रमवू शकतं, रमवणारं काम झेपेनासं होऊ शकतं. करिअरचे चुकलेले निर्णय पाहिले तर बहुतेक ठिकाणी एका क्रियापदाचं उत्तर दुसऱ्याच्या नावावर लिहिलेलं असतं. रात्रपाळी झेपत नाही आणि माणूस म्हणतो, हे क्षेत्रच माझं नाही.

उदाहरण एकच घेऊ. कोथरूडला मैत्रिणीबरोबर भाड्याने राहणारी, हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करणारी तीस वर्षांची मुलगी. सीटीसी, म्हणजे कंपनी तिच्यापायी वर्षाला करते तो एकूण खर्च, बारा लाख. तिला शाळेत गणित शिकवायचंय. या इच्छेची किंमत काय, ते नीट मोजू.

पहिल्यांदा हातातला पगार. ऑफर लेटरवर बारा लाख असतात म्हणून महिन्याला लाख येत नाहीत. मूळ वेतन निम्मं, म्हणजे महिना ५०,००० धरलं, तर कंपनीचा पीएफचा वाटा त्यावर १२ टक्के, वर्षाला ७२,०००. ग्रॅच्युइटीची, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेची, तरतूद मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के, सुमारे २८,८५०. व्हेरिएबल, म्हणजे कामगिरी पाहून नंतर मिळणारा भाग, दहा टक्के, १,२०,०००. गटविम्याचा हप्ता दहा हजार. हे सगळं बारा लाखांतूनच वजा होतं आणि उरतात ९,६९,१५०, म्हणजे महिना सुमारे ८०,७६०. त्यातून तिचा स्वतःचा पीएफ ६,००० आणि व्यवसाय कर २०० गेला (फेब्रुवारीत ३००), की खात्यात येतात सुमारे ७४,५००. प्राप्तिकर नाही, कारण २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत ७५,००० ची प्रमाणित वजावट धरून पगारदाराच्या पावणेतेरा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर पडत नाही. जुन्या आणि नव्या कामाची तुलना करताना बारा लाख हा आकडा डोक्यातून काढून टाकावा. तुलना ७४,५०० शी करायची, आणि पीएफचे दोन्ही वाटे, म्हणजे १२,०००, बाजूला लिहून ठेवायचे. तोही पगारच आहे, फक्त आज दिसत नाही. काही कंपन्या पीएफ १५,००० च्या मर्यादेवरच कापतात, म्हणजे महिना १,८००. तिथे हातात जास्त येतं आणि म्हातारपणासाठी कमी साठतं. सॅलरी स्लिप हातात घेऊन हे तपासायला दहा मिनिटं लागतात.

आता तास. कागदावर महिन्याला २२ दिवस, आठ तास, म्हणजे १७६ तास. लाखाला भागलं तर तासाला ५६८ रुपये. प्रत्यक्षात ऑफिसात नऊ तास, जायला-यायला सव्वा-सव्वा तास, म्हणजे रोज साडेअकरा. बावीस दिवसांचे २५३ आणि सुट्टीच्या दिवशी लॅपटॉप उघडून गेलेले दहा, एकूण २६३ तास. नोकरी आहे म्हणूनच होणारा खर्च वेगळा काढायचा: पेट्रोल किंवा कॅब सहा हजार, बाहेरचं खाणं तीन हजार, कपडे आणि ऑफिसातल्या वर्गण्या दीड हजार. ७४,५०० मधून हे १०,५०० वजा करून पीएफचे १२,००० मिळवले तर ७६,००० होतात. भागिले २६३: तासाला २८९. कागदावरच्या दराच्या जेमतेम निम्मा. व्हेरिएबल पूर्ण मिळालं तर दर थोडा चढतो, पण ते मिळेपर्यंत हिशेबात धरू नये.

या आकड्याने नोकरी वाईट ठरत नाही. तो कशासाठी लागतो ते सांगते. समोर साडेनऊ लाखांची, पण घरापासून वीस मिनिटांवरची नोकरी आली, तर सीटीसीकडे पाहणारा माणूस ती ‘उतरण’ म्हणून नाकारतो. तासाचा दर काढणाऱ्याला दिसतं, की महिन्याचे चाळीस-पंचेचाळीस तास परत मिळताहेत. ज्यांना स्वतःचं असं काही करायला वेळ नाही, त्यांची तक्रार पुष्कळदा कामाबद्दल नसते, रस्त्याबद्दल असते.

मग येतो तळाचा आकडा, ज्याला मी पोटोबाचं माप म्हणते. अंदाजाने काढला तर तो नेहमी कमी निघतो. बारा महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि यूपीआयच्या नोंदी घेऊन बसायचं आणि ‘हे थांबलं तर घर अडेल का’ एवढं विचारत रेघ ओढायची. आपल्या उदाहरणात भाड्यातला वाटा १४,०००, किराणा, दूध, भाजी, गॅस आणि पोळ्यांच्या मावशींचे पैसे मिळून ९,५००, वीज, मोबाइल, इंटरनेट २,०००, शहरातली ये-जा २,५००, आईवडिलांना ४,०००. बेरीज ३२,०००. बहुतेक जण इथेच थांबतात आणि सहा महिन्यांनी अडचणीत येतात, कारण वर्षातून एकदाच येणारे खर्च महिन्याच्या यादीत दिसत नाहीत. टर्म आणि आरोग्य विम्याचे हप्ते ३०,०००. गणपती-दिवाळी आणि लग्नकार्यांतले आहेर २०,०००. गावी येणं-जाणं १०,०००. दवाखाना, चष्मा, दात १२,०००. वर्षाचे ७२,०००, म्हणजे महिना ६,०००. तळाचा आकडा ३८,०००. आहेर या यादीत का, असं कुणी विचारेल. माणसं तोडून काढलेला तळ टिकत नाही. दुसऱ्या वर्षी तो मोडतोच.

सध्या तिची महिन्याची शिल्लक किती? ७४,५०० वजा ३८,००० वजा नोकरीपायीचे १०,५००, म्हणजे २६,०००. ही शिल्लक म्हणजे तिची निवड करण्याची ताकद. ती जपायची कशासाठी, ते पुढच्या हिशेबात कळतं.

शाळेत शिक्षक व्हायचं तर बी.एड. हवं. हा अभ्यासक्रम २०१५ पासून दोन वर्षांचा आहे आणि हजेरी काटेकोर असते, म्हणजे पूर्णवेळ नोकरी सांभाळून तो जमत नाही. सहावी ते आठवीला शिकवायचं असेल तर टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, दुसरा पेपर. सरकारी किंवा अनुदानित शाळेत भरती होते ती शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीच्या गुणांवर, ‘पवित्र’ या शिक्षकभरतीच्या सरकारी पोर्टलमधून. ही चाचणी झाली २०१७ मध्ये, मग २०२३ मध्ये, मग २०२५ मध्ये. एकदा पाच वर्षांवर अंतर, एकदा दोन. परीक्षा आपल्या बी.एड.च्या निकालाची वाट पाहत थांबत नाही, हे या तारखांवरून दिसतं. निवड झाली तरी पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून मानधनावर. २००० साली सुरू झालेल्या या योजनेत मानधन वर्षानुवर्षं फार कमी होतं. २०२३ मध्ये ते प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० झालं. तीन वर्षांनंतर नियमित वेतनश्रेणी मिळते. माध्यमिकच्या प्रशिक्षित पदवीधर शिक्षकाला सातव्या वेतन आयोगाप्रमाणे मूळ ३८,६००, वर महागाई आणि घरभाडे भत्ता. म्हणजे शेवटी परवडतं, आणि चांगलं परवडतं. प्रश्न मधल्या पाच वर्षांचा आहे.

बी.एड.ची दोन वर्षं उत्पन्न शून्य धरलं तर चोवीस महिने गुणिले ३८,०००, म्हणजे ९,१२,०००. फी वेगळी. पुढची तीन वर्षं मानधन १८,०००, म्हणजे महिन्याला २०,००० कमी पडणार. छत्तीस महिन्यांचे ७,२०,०००. एकूण १६,३२,०००. शिवाय बी.एड. आणि नेमणूक यांच्या मध्ये जितके महिने थांबावं लागेल, त्या प्रत्येक महिन्याचे ३८,००० आणखी. महिना २६,००० शिल्लक टाकणाऱ्या मुलीला सव्वासोळा लाख जमवायला साधारण सव्वापाच वर्षं लागतील.

हा आकडा पाहून कुणी हबकेल. मला तो दिलासा देणारा वाटतो. ‘शिक्षक व्हायचं स्वप्न’ या शब्दांपुढे माणूस हतबल होतो, ‘सव्वासोळा लाख’पुढे होत नाही. आकडा कमी करता येतो. आईवडिलांचं घर साताऱ्यात असेल आणि बी.एड. तिथूनच करता आलं, तर भाडं वजा होऊन तळाचा आकडा २४,००० वर येतो. मग दोन वर्षांचे ५,७६,००० आणि पुढच्या तीन वर्षांत महिना सहा हजारांची तूट, २,१६,०००. एकूण ७,९२,०००. राहतं घर असलं की बदलाची किंमत निम्म्याहून खाली येते आणि तयारीचा काळ सव्वापाचवरून अडीच वर्षांवर. अर्थात नेमणूक दुसऱ्या जिल्ह्यात मिळाली तर भाडं पुन्हा सुरू होतं, त्यामुळे वर लाखभराची सोय ठेवावी. खासगी सीबीएसई शाळेत लवकर काम मिळतं, पण तिथे पगाराची रक्कम विचारून भागत नाही. पगार दहा महिन्यांचा की बारा? बँकेत जमा होतो की रोख? पीएफ आहे का? मूळ प्रमाणपत्रं शाळेकडे ठेवून घेतात का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल, तर तिथे जाऊ नये. मूळ कागद दुसऱ्याच्या कपाटात असले की पुढच्या प्रत्येक वाटाघाटीत आपला हात बांधलेला राहतो.

आता ज्या गोष्टीने हा सगळा हिशेब उधळतो, तिच्याबद्दल: घराचं कर्ज. तिशीत घर घ्यायचं ही आपल्याकडची रीतच झाली आहे. चाळीस लाख, साडेआठ टक्के, वीस वर्षं: हप्ता ३४,७१३. भाड्याचे १४,००० गेले, हप्ता आणि सोसायटीचे ३,००० आले, म्हणजे तळाचा आकडा ३८,००० वरून पावणेबासष्ट हजारांवर. नोकरीपायीचे १०,५०० वजा केले तर शिल्लक उरते २,३००. यातून कोणतंही वळण घेता येत नाही, कितीही रमत नसलं तरी. आणि पाच वर्षं भरून मोकळं होऊ असं म्हणावं, तर पाच वर्षांत २०.८३ लाख भरूनही मुद्दल फक्त पावणेपाच लाखांनी उतरलेलं असतं, कारण सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजच जास्त जातं. घर घेऊ नये असं माझं म्हणणं नाही. ज्याच्या मनात कामाबद्दल खोल शंका आहे, त्याने शंकेचा निकाल लागेपर्यंत भाड्यानेच राहावं. भाडं म्हणजे पैसे पाण्यात, असं लोक म्हणतात. ते पैसे आपला रस्ता मोकळा ठेवण्यासाठी दिलेले असतात.

पैशाबद्दल एवढं बोलल्यावर हेही सांगायला हवं, की ‘पैशाने सुख मिळत नाही’ हे वाक्य मी कुणाला सांगणार नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि अर्थतज्ज्ञ अँगस डीटन यांचा २०१० चा निष्कर्ष खूप फिरला होता: अमेरिकेत वर्षाला सुमारे ७५,००० डॉलरच्या पुढे रोजच्या मनःस्थितीतलं सुख वाढत नाही. तो अजूनही लोक सांगतात. पण २०२३ मध्ये काहनेमन यांनीच मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि बार्बरा मेलर्स या संशोधकांबरोबर तो दुरुस्त केला. बहुतेकांच्या बाबतीत उत्पन्नाबरोबर सुख वाढतच राहतं. एका टप्प्यानंतर थांबतं ते मुळातच सर्वांत कष्टी असलेल्या पंधरा-वीस टक्के लोकांचं. मला यातला दुसरा भाग मोठा वाटतो. खरोखर जीव गुदमरत असेल, तर पुढच्या पगारवाढीने तो मोकळा होईल ही आशा फार काळ धरू नये.

मग जीव गुदमरतो आहे की नुसता थकला आहे, हे कळायचं कसं? इथे परवडण्याचा हिशेब संपतो आणि झेपण्याचा सुरू होतो. अमेरिकेच्या वेळेला रात्री अकराचे कॉल, सलग सात तास बसून धरलेली पाठ, घरी आजारी वडील: हे सगळं झेपण्याचं दुखणं आहे आणि त्यावर उपाय पाळी बदलणं, टीम बदलणं, रजा. सलग दहा दिवस रजा घ्यावी, लॅपटॉप न उघडता. परतल्यावर पहिल्या तीन दिवसांत काम हातात घेतल्यावर बरं वाटलं आणि तिसऱ्या आठवड्यात पुन्हा थकवा आला, तर तो थकवाच होता. पहिल्याच सकाळी छातीवर दगड ठेवल्यासारखं झालं, तर प्रश्न कामाचा किंवा तिथल्या माणसांचा आहे. आणि झेपण्याची परीक्षा नव्या कामाचीही घ्यायची असते. शिकवणं म्हणजे रोज पाच तास उभं राहणं आणि पन्नास-साठ मुलांच्या वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा आवाज. घसा आणि पाय ही शिक्षकाची अवजारं आहेत, हे बाहेरून दिसत नाही.

रमण्याची परीक्षा सर्वांत नाजूक, कारण तिथे आपण स्वतःला सहज फसवतो. विषयाच्या प्रेमात असणं आणि त्या कामाच्या साध्या मंगळवारी रमणं या दोन वेगळ्या गोष्टी. इतिहास आवडतो म्हणून अभिलेखागारातलं काम आवडेल असं नाही. तिथला दिवस धूळ, याद्या आणि क्रमांक यांत जातो. शाळेचा मंगळवार कसा असतो? पाच-सहा तासिका, हजेरीपट, पोषण आहाराच्या नोंदी, यू-डायस या सरकारी नोंदणीत शाळेची माहिती भरणं, पालकांचे फोन, आणि निवडणूक आली की मतदारयादीचं काम. हे पाहायचा एकच रस्ता: ओळखीच्या शिक्षकाबरोबर शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत पूर्ण दिवस काढायचा, शक्य असेल तर परीक्षेच्या आठवड्यात. आणि स्वतः आठ शनिवार आठवीच्या वीस मुलांना अपूर्णांक शिकवायचे, वह्या तपासायच्या. पहिले दोन शनिवार सगळ्यांनाच छान जातात. खरं कळतं पाचव्या-सहाव्या शनिवारी, जेव्हा तेच मूल तीच चूक पुन्हा करतं. त्या वेळी नवी रीत शोधावीशी वाटली तर मन तिथे आहे. घड्याळाकडे लक्ष गेलं तर तेही प्रामाणिकपणे लिहून ठेवावं.

लिहून ठेवणं हे सध्याच्या नोकरीबद्दलही करावं. चार आठवडे, रोज संध्याकाळी तीन ओळी: आज कोणत्या कामात वेळेचं भान राहिलं नाही, कोणतं काम सकाळपासून पुढे ढकललं, कुणाशी बोलून बरं वाटलं. वीस कामाचे दिवस झाले की मोजायचं. समजा वीसपैकी नऊ दिवशी पहिल्या ओळीत ‘नव्या मुलांना समजावून सांगितलं’ असं निघालं, आणि पुढे ढकललेल्या कामांत रिपोर्ट भरणं तेरा वेळा आलं. मग तिला हवं आहे ते समजावून सांगणं. शाळा हा त्याचा एक पत्ता झाला, एकमेव नव्हे. कंपनीच्याच प्रशिक्षण विभागात बदली मागता येते, नव्या भरतीच्या तुकड्या शिकवता येतात, शनिवार-रविवारी वर्ग घेता येतो. एमी व्रेझनेव्स्की आणि जेन डटन या संशोधिकांनी २००१ मध्ये मांडलेली गोष्ट इथे उपयोगी पडते: माणसं तीच नोकरी ठेवून तिच्यातल्या कामांचं आणि नात्यांचं प्रमाण बदलतात आणि त्याने कामाचा अर्थ बदलतो. त्यांनी पाहिलेल्या माणसांत रुग्णालयातले सफाई कर्मचारी होते. त्यांतले काही रुग्णांची विचारपूस हा आपल्या कामाचाच भाग मानत होते. सव्वासोळा लाख खर्चायच्या आधी सहा महिने हा प्रयोग करून पाहणं मला शहाणपणाचं वाटतं. त्यातूनही शाळाच हाक देत राहिली, तर ती हाक खरी.

स्वतंत्र व्यवसायाचा विचार करणाऱ्यांची चूक वेगळ्या ठिकाणी होते. ते महिन्याचा पगार भागिले बावीस दिवस करून रोजचा दर ठरवतात. फ्रीलान्सरचे बावीस दिवस विकले जात नाहीत. काम मिळवणं, कोटेशन, बिलं, पैशांसाठीचे फोन यांत अर्धा वेळ जातो, म्हणून वर्षाला १२५ दिवसच विकले जातील असं धरावं. वर्षाचा तळ ४,५६,०००. त्यात एकट्याने घ्यायच्या मोठ्या आरोग्य विम्याचे २५,०००, लॅपटॉप आणि सॉफ्टवेअरचे ४०,०००, आणि गेलेल्या पीएफच्या जागी १,४४,०००. झाले ६,६५,०००. दहातलं एक बिल उशिरा येतं किंवा येतच नाही, म्हणून नऊ दशांशाने भागलं तर सुमारे ७,३९,०००. भागिले १२५: दिवसाला ५,९०० च्या आसपास. बिलातून दहा टक्क्यांपर्यंत टीडीएस, म्हणजे आधीच कापलेला प्राप्तिकर, जाऊ शकतो. तो रिटर्न भरल्यावर परत मिळतो, पण तोपर्यंत हाताशी नसतो, म्हणून चार-पाच महिन्यांचा तळ खात्यात असल्याशिवाय सुरुवात करू नये. या दराला गिऱ्हाईक मिळतं का, हे नोकरी चालू असतानाच दोन-तीन कामं करून कळतं, अर्थात करारात बाहेरचं काम करायला बंदी नसेल तर. तो कागद आधी वाचावा.

घरात दोघं कमावते असतील तर एकाच्या पगारात तळाचा आकडा बसवणं हा मला दिसलेला सर्वांत सुंदर मार्ग आहे. मग दुसऱ्याला दोन-तीन वर्षं धडपडायला मिळतात आणि नंतर पाळी बदलते. पण ही पाळी लिहून ठेवावी, वर्षांसकट. न लिहिलेली पाळी बहुतेक घरांत बायकोपर्यंत पोचत नाही. मधे मूल येतं, कर्ज येतं आणि तिची वर्षं ‘नंतर बघू’त जातात. हे मला फार लागतं, म्हणून मुद्दाम सांगते.

सोडायचं ठरलंच, तर तारखांकडे लक्ष द्यावं. ग्रॅच्युइटी साधारणपणे पाच वर्षं सलग नोकरी झाल्यावर मिळते: शेवटचं मूळ वेतन गुणिले पंधरा भागिले सव्वीस, गुणिले वर्षं. आपल्या उदाहरणात पाच वर्षांचे सुमारे १,४४,०००. ती भरण्याआधी चिडून राजीनामा दिला तर साताऱ्यातल्या सहा महिन्यांचा खर्च हातचा जाऊ शकतो. व्हेरिएबल कोणत्या महिन्यात जमा होतं आणि त्या दिवशी नोकरीत असणं, नोटीसवर नसणं, ही अट आहे का, ते पाहावं. पीएफ काढू नये. सलग पाच वर्षांच्या आत काढला तर त्यावर कर लागतो, आणि पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा मोजली जाते ती खंडित करू नये. कंपनीचा आरोग्य विमा शेवटच्या दिवशी संपतो. स्वतःची पॉलिसी किमान तीन-चार महिने आधी घ्यावी, कारण पहिले तीस दिवस अपघाताखेरीज दावा चालत नाही आणि आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं.

आईवडिलांना सांगताना हा कागद पुढे ठेवावा. ‘मला इथे समाधान नाही’ या वाक्याला त्यांच्याकडे उत्तर नसतं, म्हणून ते रागावतात. त्यांची काळजी ठोस असते: आजारी पडलीस तर, लग्न ठरलं तर, नाही जमलं तर. विम्याचा कागद, तळाचा आकडा, जमवलेली रक्कम आणि ती किती महिने पुरेल हे दाखवलं की बोलणं रागावरून आकड्यांवर येतं, आणि आकड्यांत आपली आधीची पिढी आपल्यापेक्षा पक्की असते. आहेराच्या रकमेपासून ते सिलिंडर किती दिवस चालतो इथपर्यंत ते दुरुस्त्या सुचवतील. त्या घ्याव्यात.

‘नाही जमलं तर’चं उत्तरही त्याच कागदावर असावं, सोडण्याआधीच लिहिलेलं. आपल्या उदाहरणात असं: खात्यातली रक्कम चार महिन्यांच्या तळावर, म्हणजे पुण्यात राहत असेल तर १,५२,००० वर आली आणि नेमणूक हातात नसेल, तर त्या आठवड्यात टेस्टिंगच्या नोकऱ्यांना अर्ज पाठवायला सुरुवात. चार महिने अशासाठी, की अर्ज, मुलाखती, कागदपत्रांची पडताळणी आणि पहिला पगार यांत तीन महिने सहज जातात. मधल्या वर्षांत हात सुटू नये म्हणून सहा महिन्यांतून एकदा एखादं छोटं टेस्टिंगचं काम घ्यायचं, जुन्या टीममधल्या दोघा-तिघांशी बोलणं ठेवायचं. आणि कागदाच्या खाली, पुन्हा शनिवारचा वर्ग कुठे सुरू करायचा त्या अभ्यासिकेचं नाव.